रुखवतातलं पुस्तक

साडेतीन वर्षं झाली, मला वास येत नाही. कशाचाच नाही. फोडणीचा नाही, गोठ्याचा नाही, करपलेल्या दुधाचा नाही. जिभेचंही तेच. तिखट झोंबतं तेवढं कळतं, बाकी बासुंदी काय आणि पिठलं काय, मला दोन्ही सारखंच. कोरोनातून उठले तेव्हा नगरचे डॉक्टर म्हणाले होते, "येईल हळूहळू, घाई करू नका." मी अजून घाई केलेली नाही आणि वासही आलेला नाही.

दुसऱ्या एखाद्या बाईनं हे चारचौघींत सांगून टाकलं असतं. पण मी विजयमाला आहे. सोनईत आमच्या बाजूला कुणालाही विचारा. गावच्या हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी आमटीची कढई कधी उतरवायची, हे मी सांगायचे. नैवेद्याचा स्वयंपाक आधी चाखायचा नसतो. देवाच्या आधी आपण तोंड लावायचं नाही. मग दोन हजार माणसांच्या आमटीत मीठ बरोबर पडलंय की नाही, हे ओळखायचं कसं? मी कढईवर वाकायचे, वाफ नाकात ओढायचे आणि सांगायचे, "अजून दोन ओंजळी." आणि दोनच ओंजळी लागायच्या. मिशांना पीळ देणारे बाप्ये माझ्यापुढं मिठाचं घमेलं धरून उभे राहायचे.

एवढा मान मिळाल्यावर आता मला काही कळत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी गुडघ्यांवर ढकललं. "गुडघे धरलेत बाई, चुलीपुढं उभं राहवत नाही." तीन वर्षांचे तीन सप्ताह गुडघ्यांनी निभावून नेले. गावातल्या बायकांनी इतकी तेलं आणून दिली की माझे गुडघे आता विशीतल्या पोरीसारखे झालेत.

घरात हाताच्या सवयीवर चालायचं. चाळीस वर्षं तोच मिसळणाचा डबा, तीच पातेली, तेवढीच माणसं. पण कधीमधी अंदाज चुकायचाच. चुकला की आमच्या ह्यांच्या, म्हणजे पुंजारामांच्या, तोंडावरून मला कळायचं. ते काही बोलायच्या आत मी सुनेवर ओरडायचे, "आरती, तू परत मीठ घातलंस ना गं?" आरती बिचारी मान खाली घालायची. तिनं घातलेलं नसायचं. हे तिलाही माहीत, मलाही माहीत. सांगताना लाज वाटते, पण घडलं ते असं घडलं.

दिवाळी झाली आणि शेजारची निकिता एक पुस्तक घेऊन आमच्या ओट्यावर आली.

निकिता म्हणजे भागवतची नवी बायको. माहेर नगरचं, शिकलेली, बोलायला गोड. तिच्या लग्नात रुखवत मांडलं होतं ना, त्यात मण्यांचा बंगला, सजवलेले नारळ, साखरेचं तुळशीवृंदावन आणि शेजारी हे लाल पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक होतं. तिच्या मावशीनं दिलेलं. पाचशे पाककृती, देशातल्या आणि परदेशातल्या. तेव्हा बायका पदराआड हसल्या होत्या, पोरीला स्वयंपाक येत नाही म्हणून आईनं सोबत पुस्तक बांधून दिलंय. हसणाऱ्यांत मी पहिली होते.

"काकू, सहा महिने झाले, हे कपाटातच पडलंय," निकिता म्हणाली. "एकटीनं करायची भीती वाटते. बिघडलं तर घरात सगळे नावं ठेवतील. तुम्ही याल का सोबत?"

मी तिला परत पाठवणार होते. गुडघ्यांचं तोंडावर आलंच होतं. पण सहज म्हणून पुस्तक उघडलं आणि बघतच राहिले. केरळची एक भाजी, नाव वाचतानाच जीभ अडखळली. राजस्थानचं काहीतरी. इटलीचं काहीतरी पांढरं. एका पानावर कच्च्या पपईची कोशिंबीर. चाळीस वर्षं रांधतेय, यातलं एकही मी केलं नव्हतं. मी केलं नव्हतं, तसं या गावात कुणीच केलं नव्हतं. आणि मग माझ्या डोक्यात जे आलं, त्यानं मी ओट्यावरून ताडकन उठले.

ज्याची चव गावात कुणालाच ठाऊक नाही, ते बिघडलंय असं म्हणणार कोण?

मीठ, तिखट, आंबट, गोड, सगळं पुस्तकात मापानं लिहिलेलं. नाकाची गरज नाही, जिभेची गरज नाही. डोळे धड आहेत, हात धड आहेत. तीन वर्षं मी चुलीपुढं चोरासारखी उभी राहत होते, आणि ही पोरगी माझी सुटका हातात घेऊन आली होती!

"निकिता, एकटीनं कशाला?" मी म्हटलं. "आपण सगळ्या मिळून करू. आठवड्याला एक पान. आरती हाय, तू हायस, समोरच्या बनुबाईला घेऊ."

"म्हणजे क्लबच की काकू!"

"क्लब तर क्लब!"

वार ठरायला मात्र दोन दिवस गेले. सोमवारी निकिताचा उपवास. मंगळवारी बनुबाईचा. गुरुवारी आरती साईबाबांचा धरते, शुक्रवार माझा. शनिवारी तर शिंगणापूर हाकेच्या अंतरावर, त्या दिवशी नवं काही तळायचं धाडस कोण करणार? रविवारी पाहुणे. राहिला बुधवार. बुधवारी कुठल्याच देवाचं आमच्याकडं लक्ष नव्हतं.

बनुबाई सत्तरीच्या पुढची. तोंडात चार दात, पण जिभेला हाड नाही. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून पान उघडायचं काम तिच्याकडं दिलं. डोळे मिटून बोट घालायचं, जे पान निघेल ते करायचं. तिच्याइतकी सचोटीची सोडत दुसरी कोण काढणार? बाकीचे नियम मी सांगितले. पहिला, माप पुस्तकातलंच, आपला अंदाज चालवायचा नाही. दुसरा, देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी चाखायचं नाही.

"क्लबालाबी नैवेद्य?" बनुबाईनं विचारलं.

"आधी देव, मंग आपण," मी ठणकावून सांगितलं. देवाला पुढं करून मी त्याच्या मागं लपले होते, दुसरं काय!

पहिल्या बुधवारी निघाली राजस्थानची गट्ट्यांची भाजी. बेसनाचे रूळ करायचे, उकळत्या पाण्यात सोडायचे, कापायचे आणि दह्याच्या रश्श्यात टाकायचे. निकिता मोठ्यानं वाचत होती, आरती मापं घेत होती, मी मळत होते. रूळ पाण्यात बुडाले आणि थोड्या वेळानं एकेक करून वर आले तेव्हा आम्ही चौघी पातेल्यावर वाकून पोरींसारख्या टाळ्या वाजवत होतो. पण दही घातल्यावर रस्सा फुटला, त्याचं पार पाणी-पाणी झालं. मी मोडता घालणार, तेवढ्यात आरतीनं चमचाभर बेसन दह्यात घोटून हळूहळू सोडलं आणि रस्सा परत जुळून आला. "पुस्तकात हे न्हाई," मी म्हटलं, पण माझ्या आवाजात जोर नव्हता. मला गंमत वाटत होती. बनुबाईनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "हे तर आपलं पिठलंच हाय की, निस्तं नटवून आणल्यालं!"

दुसऱ्या बुधवारी इटली निघालं. निकितानं नेवाशाहून शंखासारख्या पास्त्याची पाकिटं मागवली. दूध, मैदा, लोणी, चीज. मी देव्हाऱ्यापुढं वाटी ठेवून पाणी फिरवलं तेव्हा आरती तोंडात पदर कोंबून हसत होती. आमच्या खंडोबाला कांदा-लसूण चालतो, चीज चालतं की नाही कुणास ठाऊक. त्यानं काही तक्रार केली नाही. बनुबाई म्हणाली, "मऊ हाय. दातांचा ताप न्हाई. देव भलं करो त्या इटलीवाल्यांचं." आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

मला काय मिळत होतं म्हणाल तर चव नव्हे. पण लोणी कढईत चुरचुरतं कधी आणि गप्प होतं कधी, हे मी नव्यानं ऐकायला शिकत होते. मैदा उलथन्याला लागतो आणि मग सुटतो, ते हाताला कळत होतं. कित्येक दिवसांनी मी बुधवारची वाट बघत झोपत होते. मंगळवारीच भाज्या निवडून ठेवत होते. हे विचारायचे, "आज काय सण हाय का?" मी म्हणायचे, "उद्या हाय."

तिसऱ्या बुधवारी निघाली ती केरळची भाजी, अवियल. शेवगा, सुरण, कच्ची केळी, भोपळा, वर खोबऱ्याचं वाटण आणि दही. एवढ्या भाज्या म्हणजे पातेलं मोठं, आणि पातेलं मोठं म्हणजे चौघींची धावपळ. निकिता वाचत होती, "चवीनुसार मीठ." पुस्तकानं तिथंच दगा दिला! सगळ्याचं माप लिहिलं आणि मिठाला "चवीनुसार". मी म्हटलं, "चार चमचे टाक." आरतीनं टाकले. मी मागे वळून खोबरं वाटायला बसले. पुढचं मला मागाहून एकेकीकडून कळलं. निकिताला वाटलं मीठ राहिलंय, तिनं टाकले. मग बनुबाई पातेल्याजवळून गेली. आमच्याकडची कुठलीही बाई रटरटणाऱ्या पातेल्याजवळून मोकळ्या हातानं जात नाही, तिनं एक मूठ टाकली. आणि वाटण करून झाल्यावर, आपण टाकलंय का नाही हे न आठवून, मीही टाकलं. चाखायचं तर नव्हतंच. नियम!

नैवेद्य झाला. आम्ही पंगतीला बसलो. मी मोठा घास घेतला, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "झकास! माप म्हंजे माप. बघा, ह्याला म्हनत्यात केरळ!"

तिघींनी माझ्याकडं पाहिलं. मग ताटाकडं पाहिलं. आणि मुकाट्यानं खाल्लं. ताट पुसून खाल्लं. बनुबाई मधूनमधून तांब्या तोंडाला लावत होती, मला वाटलं थंडीत तिला घशाचं काहीतरी असेल.

संध्याकाळी ह्यांना वाढलं. ह्यांनी एक घास घेतला, उठले, अंगणात जाऊन चूळ भरली आणि परत येऊन बसले.

"काय वो? काय झालं?"

"काय झालं? मिठागर झालं! खाऊन बघितलं का न्हाई कुनी?"

"केरळात असंच खात्यात," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बनुबाई भेटली. मी सहज विचारल्यासारखं केलं, "कालचं जास्त खारट झालं हुतं का गं?"

"व्हय, पर तिकडं समुद्र हाय ना, त्यांना तसंच लागत आसल," ती म्हणाली. "तू म्हनलीस झकास, मंग आमी कोन सांगनार? तीन तांबे पानी प्याले मी. पर खाल्लं."

मी घरात आले आणि मोरीत तोंड धूत कितीतरी वेळ उभी राहिले. माझी युक्ती अगदी बिनचूक चालली होती. मी झकास म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या जिभेवर विश्वास ठेवला नव्हता, माझ्यावर ठेवला होता. सत्तरीची म्हातारी, रक्तदाबाची गोळी खाणारी, आणि मी तिला मीठ चारलं. मला स्वतःचा इतका राग आला की मी आरतीवर ओरडले. कशावरून, ते आता आठवतसुद्धा नाही.

क्लब बंद करावा असं ठरवलं होतं. पण बुधवार उजाडला आणि निकिता अकरालाच हजर, पुस्तक, वही, पेन आणि मोबाईल घेऊन. बनुबाई नवं लुगडं नेसून आलेली. दोघींचे चेहरे बघून मला बंद म्हणवेना. बनुबाईनं डोळे मिटले, बोट घातलं. निकितानं वाचलं आणि किंचाळली.

"काकू, मासवडी!"

आरती हातातलं टाकून धावत आली. बनुबाई म्हणाली, "आगं, ही तर आपली!"

पुस्तकातली मासवडी म्हणजे दहा ओळींत उरकलेली. तिळाचं नाव नाही. बेसन किती वेळ घोटायचं ते नाही. आरती वाचून म्हणाली, "आत्या, आमच्या पारनेरला ही वाचली तर मानसं भांडायला येतील." आणि निकितानं पुस्तक खाडकन मिटलं.

"आज पुस्तक बंद. आज काकूंच्या हातची. सगळे सांगतात तुमच्या मासवडीचं, मी अजून खाल्ली नाही. आणि हे बघा," तिनं पुस्तकाची शेवटची पानं उघडली, ती कोरी होती, "इथं मी लिहून ठेवणार. काकूंची मासवडी, मापासकट. तुम्ही बोलत जा, मी मोबाईलवर रेकॉर्ड करते."

नव्या पदार्थाची चव कुणाला माहीत नव्हती, मासवडीची या गल्लीत पोराटोरांना माहीत होती. वर ती शाईनं लिहिली जाणार होती, माझ्या नावानं. आज चुकलं तर ते चुकलेलंच राहणार होतं. निकिताच्या लेकीसुनांपर्यंत.

पण तिघी माझ्याकडं अशा बघत होत्या की माझा ताठा जागा झाला. म्हटलं, हात आहे ना! चाळीस वर्षांचा हात आहे. पदर खोचला.

"लिही," मी म्हटलं. "आधी सारन. तीळ भाजायचे, सुकं खोबरं किसून भाजायचं."

तीळ तडतडले, कानांनी कळलं, उतरवले. खोबऱ्याचा कीस कढईत टाकला, आच बारीक केली आणि निकिताच्या मोबाईलकडं तोंड करून बसले. एकदा बोलायला लागले की मला थांबता येत नाही. सांगायला लागले, सप्ताहाची कढई कशी असते, वाफ कशी घ्यायची, मीठ कमी असलं की वाफ कशी फिकी लागते. निकिताचे डोळे मोठे झाले होते. मीही रंगले. "नाक हाच खरा चमचा बघ निकिता. खोबरं भाजताना डोळं मिटून बसावं. गोडसर वास सुटला की उतरवायचं. एक पळ इकडं न्हाई की तिकडं न्हाई."

आरती माझ्यामागं उभी होती. बनुबाई चुळबुळ करायला लागली. निकिताची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली आणि परत माझ्याकडं आली. मला वाटलं, माझं सांगणं त्यांना भिडलंय.

"माले," शेवटी बनुबाई म्हणाली, "आगं खोबरं जळालं की!"

मी वळले. कढईतून काळा धूर निघत होता. खोबऱ्याचा कोळसा झाला होता. धूर माझ्या तोंडावर आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरीही मला कशाचाही वास आला नाही.

"तुला वास न्हाई आला?" बनुबाईनं विचारलं. निकिताचा मोबाईल अजून चालूच होता.

अजूनही एक वाट होती. आरती मागं उभी होती, कढई तिच्या हाताशी होती. "तुला लक्ष ठिवाया सांगितलं हुतं ना?" एवढं म्हटलं की झालं असतं. माझं तोंड तिच्याकडं वळलंसुद्धा. तिनं नेहमीसारखी मान खाली घातली, बोलणी खायला तयार झाली. ती खाली गेलेली मान बघितली आणि माझ्यानं ते पुढं रेटवेना.

"न्हाई आला," मी म्हटलं. "साडेतीन वर्षं झाली, मला कशाचाच वास येत न्हाई. चवबी लागत न्हाई. गुडघ्यांना काय झाल्यालं न्हाई. आन् आरती, घरात मीठ जास्त पडायचं ना, ते दरवेळी मीच घातल्यालं असायचं. तुझ्यावर खोटं ढकललं मी."

एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. मी चारचौघींत कधी रडले नव्हते. माझ्या सासूच्या दहाव्यालासुद्धा मी आमटीच्या कढईपाशी उभी होते. निकितानं गॅस बंद केला. बनुबाई चांगलीच तापून बोलली.

"मंग ते केरळ?"

"ते चौघींनी मीठ टाकल्यालं केरळ हुतं, बनुबाई."

"आन् मी तीन तांबे पानी प्याले! घरी जाऊन आनिक दोन! सुनेला म्हनलं, केरळात मानसं जगत्यात तरी कशी!"

आधी निकिताला हसू फुटलं. ती दाबायला बघत होती, तिला जमेना. मग आरतीला. मग रडता रडता मला. बनुबाई आणखी चिडून म्हणाली, "हसा, हसा, माजी गोळी डबल झाली त्या दिवशी," आणि शेवटी तिचेही चार दात दिसले. हसून हसून आमची पोटं दुखायला लागली. तो काळा धूर घरभर फिरत होता आणि तिघी एकदम खोकत होत्या, मी एकटी मजेत होते.

हसू ओसरल्यावर आरती म्हणाली, "मला सांगितलं असतं आत्या, तर मी काय गावभर केलं असतं का?"

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे शब्द मी सुनेला पहिल्यांदा म्हटले. तिनं जळकी कढई उचलली, मोरीत ठेवली आणि दुसरी कढई गॅसवर चढवली.

"मंग चला. खोबरं नव्यानं किसायला घ्या."

आणि मग जी काही मासवडी केली आम्ही! नैवेद्याचा नियम मीच मोडला. म्हटलं, खंडोबा आज घरचाच, आपल्यासोबत जेवंल. हात माझे, बाकी सगळं त्यांचं. निकिता कढईवर डोळे मिटून बसली आणि खोबरं तांबूस व्हायला लागलं तशी ओरडली, "आला! काकू, वास आला! गोड! आत्ता!" मी कढई उतरवली. बनुबाईनं मसाला चाखून तोंड वाकडं केलं, "पांचट हाय," निकिता म्हणाली, "मला तर झोंबतंय," दोघींची जुंपली, आणि मला कळलं की सगळ्यांना एकसारखी लागलेली चव या जगात कधी नसतेच, माझ्या धाकानं लोक एकसारखी मान हलवत होते एवढंच. बेसन उकळत्या फोडणीत पडलं तसं मी ते घोटायला लागले. पिठाचा गोळा उलथन्याला ओढ देतो, मग कडा सोडतो, ते माझ्या मनगटाला नेमकं कळलं. ओल्या फडक्यावर ते गरमगरम थापताना बोटं भाजत होती. वर सारण पसरलं, फडक्याची कड धरून वळकटी केली, दाबून माशाचा आकार दिला आणि सुरीनं पहिली वडी कापली. मधोमध सारणाची रेघ, कुठं फुटलेली नाही, कुठं सुटलेली नाही. तिघींनी एकदम "आहाहा" केलं.

रस्सा उकळला. बाजरीच्या भाकरी झाल्या. मी आरतीच्या ताटात दोन वड्या घातल्या, वर रस्सा ओतला आणि तिच्यापुढं बसले. तिनं घास मोडला. आयुष्यभर मी माणसांना वाढून सांगत आले, हे असं झालंय, हे असंच असतं. कुणाला विचारलं असं एकदाही आठवत नाही. कसं विचारतात तेच मला माहीत नव्हतं.

"कसं झालंय गं?" मी विचारलं.

आरतीनं घास चावला. गिळला. माझ्याकडं बघितलं, खाली बघितलं, परत माझ्याकडं बघितलं.

"वड्या एक नंबर झाल्यात आत्या," ती म्हणाली. "रश्श्यात मीठ कमी हाय."

बनुबाईचा हात तोंडाशी थांबला. माझ्या स्वयंपाकाला कुणी माझ्या तोंडावर नाव ठेवलेलं या घरात कधी घडलं नव्हतं. आणि मला काय झालं सांगू? मला इतका आनंद झाला, इतकं मोकळं वाटलं की मी सुनेचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"किती कमी?"

"थोडंच."

"थोडं म्हणजे किती, काकू?" निकिता पेन घेऊन तयार होती. कोऱ्या पानावर तिनं बेसन, तीळ, खोबरं, सगळं वाट्यांत लिहिलं होतं. मिठापुढं जागा मोकळी होती. "मीठ किती लिहू?"

"लिही," मी म्हटलं, "आरती सांगंल तेवढं."

निकितानं तसंच लिहिलं आणि बनुबाईसाठी मोठ्यानं वाचून दाखवलं. आरतीनं डोळे पुसले, रश्श्याच्या पातेल्यात दोन चिमटी मीठ सोडलं, ढवळलं, चाखलं आणि म्हणाली, "आता बसा सगळ्या."